तारांचं गाणं (भाग ६) : एन. राजम आणि गाणारा गज

मागच्या भागात आपण सारंगीविषयी बोललो. गळ्याच्या सर्वांत जवळचं वाद्य हा मान हिंदुस्थानी संगीतात पिढ्यान्‌पिढ्या तिचा होता. आज जिच्याविषयी लिहायचं आहे, त्या कलावतीने व्हायोलिनला त्याच मानाला पोहोचवलं, असं मी पूर्ण विचाराने म्हणतो.

एन. राजम यांचा जन्म १९३८ सालचा. घर दक्षिणेतलं, संगीतात बुडालेलं. वडील ए. नारायण अय्यर हेच पहिले गुरू, आणि थोरले बंधू टी. एन. कृष्णन पुढे कर्नाटक व्हायोलिनच्या अग्रणींमध्ये गणले गेले. दक्षिणेत व्हायोलिन तोवर केव्हाच घरचं झालं होतं. कर्नाटक संगीताचे रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी ते मद्रासमध्ये युरोपीय वादकाकडून शिकून घेतलं आणि एकोणिसाव्या शतकात ते तिथल्या गायनाच्या साथीला पक्कं बसलं. राजम अगदी लहान वयात वाजवू लागल्या, लहान वयातच एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या साथीला बसल्या. पुढची वाट आखलेलीच होती. त्या उत्तरेकडे वळल्या.

हे वळण किती अवघड होतं, ते समजून घ्यायला हवं. कर्नाटक पद्धतीत स्वर क्वचितच स्थिर उभा राहतो. गमकाचं आंदोलन हाच त्याचा स्वभाव. लहानपणापासून बोटांना तेच वळण लागलेलं. ख्यालात मात्र षड्‌ज लावला की तो हलता कामा नये. सूर लावून ठेवायचा, त्यावर थांबायचं, मग सावकाश पुढच्या स्वराकडे जायचं. म्हणजे मुरलेल्या हाताला नवी शिस्त लावायची. नवशिक्याला शिकणं त्यापेक्षा सोपं असतं.

ही शिस्त त्यांना पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडून मिळाली, आणि इथे आपल्या मातीचा धागा येतो. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. त्यांच्याकडे मिरजेला कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि त्यांच्या शिष्यांत ओंकारनाथ होते. तेच ओंकारनाथ पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. मिरजेची तालीम अशी लाहोर आणि बनारस फिरून एका दाक्षिणात्य मुलीच्या व्हायोलिनवर उतरली. गुरू गायक, शिष्या वादक. त्यामुळे शिकवणी झाली ती गळ्यातून. गुरू गायचे ते वाद्यातून काढायचं. पंडितजींच्या मैफलींत राजम साथीलाही बसत.

आता मूळ प्रश्न : व्हायोलिन ‘गातं’ म्हणजे नेमकं काय होतं?

आधी बैठक पाहा. पाश्चात्त्य वादक वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यात धरतो. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचं निमुळतं टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवतात आणि दुसरी बाजू छाती-खांद्याला लावतात. वाद्य पेलण्याचं काम पायावर गेलं की डावा हात मोकळा होतो. पट्टीवर पडदे नाहीतच. मग एकच बोट तारेवरून न उचलता खालपासून वरपर्यंत सरकवता येतं, आणि मींड अखंड निघते.

खरी परीक्षा उजव्या हाताची. गज जेमतेम अडीच फूट लांब. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालू शकतं. गज संपतो, दिशा बदलावी लागते, आणि बदलताना दाब जरा चुकला तरी सूर तुटतो. गायक जसा वाक्याच्या मध्ये श्वास घेत नाही, तसा राजम यांचा गज स्वरवाक्याच्या मध्ये उलटलेला कळत नाही. बंदिशीचं अक्षर जिथे पडतं तिथे गजाला नेमका हलका जोर, आणि अक्षर लांबतं तिथे गज तसाच पुढे. बंदिश ठाऊक असलेल्या श्रोत्याला म्हणूनच शब्द ऐकू येतात. तानेतही तेच. तंतकारीत, म्हणजे सतार-सरोदच्या अंगाच्या वादनात, प्रत्येक स्वराला वेगळा आघात असतो. आकाराच्या तानेत मात्र एका श्वासात स्वरांची अख्खी लड येते. राजम ती एका गजात घेतात, आणि तरी प्रत्येक स्वर दाणेदार राहतो.

गाण्याचंच अनुकरण केलं तर वाद्याचं वाद्यपण कुठे राहिलं, असा आक्षेप कधीकधी निघतो. मला तो पटत नाही. तिन्ही सप्तकांत सारख्याच सहजतेने फिरणं, अतितारात जाऊनही आवाज न चिरकणं, हे गळ्याला दुर्मीळ आहे. राजम गायकीचं व्याकरण घेतात आणि गळा जिथे थांबतो त्याच्या पुढे जातात. त्यांची ठुमरी ऐकताना हे फार स्पष्ट होतं. एकेका बोलाचे भाव त्या इतक्या परींनी उलगडतात की शब्दांची उणीव भासत नाही.

बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी सुमारे चार दशकं शिकवलं, विद्याशाखेच्या प्रमुखही झाल्या. १९८४ मध्ये पद्मश्री, २००४ मध्ये पद्मभूषण, पुढे संगीत नाटक अकादमीची फेलोशिपही. मला त्याहून मोलाची वाटते ती शिष्यपरंपरा : कन्या संगीता शंकर, भाची कला रामनाथ, आणि नाती रागिणी व नंदिनी. आजी, मुलगी आणि नाती एकाच मंचावर बसतात तेव्हा गजाचं तेच वळण तिन्ही पिढ्यांत दिसतं.

या आठवड्यात वाचकांनी एवढं जरूर करावं. ओंकारनाथांचा एखादा ख्याल आधी ऐकावा, मग त्याच रागातलं राजम यांचं वादन लावावं, आणि लक्ष फक्त गज उलटण्याच्या जागांवर ठेवावं. पुढच्या भागात तंतकारी आणि गायकी या दोन्ही अंगांनी वाजवणारे पंडित व्ही. जी. जोग.