जनित्राचा दोष शोधताना : बंद साखळीची तपासणी

अमेरिकी सैन्याने वापरातून काढलेली डिझेल जनित्रे तेथे लिलावात विकली जातात आणि शेतकरी, कारखानदार ती विकत घेतात. एमईपी-८०३ए हे त्यांपैकी एक परिचित जनित्र. त्याची क्षमता १० किलोवॅट आहे. इंजिन उत्तम चालत असूनही कधीकधी अशा यंत्रातून वीज मिळत नाही; कधी ती प्रमाणाबाहेर दाबाने मिळते. संशय लगेच व्होल्टेज रेग्युलेटरवर जातो. पण महागडा नवा रेग्युलेटर बसवल्यावरही दोष तसाच राहू शकतो. असे का होते, हे समजण्यासाठी जनित्राचे कार्य पाहू.

सायकलच्या डायनामोत कायम चुंबक असतो. मोठ्या जनित्रात विद्युतचुंबक असतो आणि त्याला लागणारा प्रवाह सहसा जनित्र स्वतःच पुरवते. हे तत्त्व वेर्नर सीमेन्स यांच्या वतीने जानेवारी १८६७ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे मांडले गेले. पुढच्याच महिन्यात चार्ल्स व्हीटस्टोन यांनी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. बंद यंत्राच्या लोखंडातही थोडे चुंबकत्व शिल्लक असते. यंत्र फिरू लागले की त्यामुळे थोडासा विद्युतदाब निर्माण होतो. त्यातून प्रवाह मिळतो, चुंबक बळावतो, दाब आणखी वाढतो.

ही वाढ योग्य जागी थांबवणे हे रेग्युलेटरचे काम. तो जनित्राचा दाब मोजतो, ठरलेल्या दाबाशी ताडून पाहतो आणि त्यानुसार चुंबकाचा प्रवाह कमीजास्त करतो. आपल्या उदाहरणातल्या जनित्रात रेग्युलेटर हा प्रवाह ‘एक्सायटर’ नावाच्या छोट्या जनित्राला देतो. एक्सायटरची वीज दांड्याबरोबर फिरणाऱ्या डायोडमधून एकदिश होऊन मुख्य चुंबकाला मिळते. त्यातून जो दाब निर्माण होतो, त्यावरच पुन्हा रेग्युलेटर चालतो. म्हणजे ही एक बंद साखळी झाली. तिच्यातील प्रवाह पुरवणारी कोणतीही कडी तुटली तरी लक्षण बहुधा एकच दिसते : वीज नाही.

घरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी भरून वाहते आहे. दोष तरंगणाऱ्या गोळ्यात की झडपेत? आपण गोळा हाताने वर उचलून धरतो. पाणी थांबले तर झडप ठीक, गोळा सदोष; न थांबले तर झडप सदोष. येथे आपण साखळी एका जागी तोडून तेवढे काम स्वतः केले. जनित्राची तपासणीही अशीच करतात.

सर्वांत आधी वारंवारता पाहावी. दर मिनिटाचे फेरे गुणिले ध्रुवांची संख्या, भागिले १२०, म्हणजे वारंवारता. या यंत्रात फेरे १८०० आणि ध्रुव ४, म्हणून ती ६० हर्ट्झ येते. ती चुकत किंवा हेलकावत असेल तर प्रथम इंजिनाच्या गव्हर्नरकडे पाहावे. कारण दाब वेगावरही अवलंबून असतो.

मग साखळी तोडावी. यंत्र बंद करून रेग्युलेटरकडून एक्सायटरकडे जाणाऱ्या दोन तारा सोडवाव्यात आणि धन-ऋण टोके लिहून ठेवावीत. एक्सायटरच्या वाइंडिंगचा रोध मोजावा. मार्ग खंडित असेल तर दोष तिथेच सापडला. नसेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीला बल्ब एकसर जोडून त्या वाइंडिंगला मर्यादित प्रवाह द्यावा आणि यंत्र कोणताही भार न लावता चालवावे. विद्युतदाब चांगला वाढला तर एक्सायटर, डायोड व मुख्य वाइंडिंग कामाचे आहेत. संशय रेग्युलेटर, त्याचा वीजपुरवठा व त्याच्या तारा यांच्यावर येतो. दाब वाढलाच नाही तर नवा रेग्युलेटर आणून उपयोग नाही. डायोड आणि वाइंडिंग तपासावे लागेल.

दाब अति वाढण्याचे एक कारण फार बोधप्रद आहे. दाब मोजणारी तार तुटली तर रेग्युलेटरला दाब शून्य ‘दिसतो’. तो भरून काढण्यासाठी रेग्युलेटर प्रवाह वाढवतच जातो आणि जोडलेली उपकरणे जळतात. टाकीतला गोळा फुटून पाण्यात बुडाला तर झडप उघडीच राहते, तसेच हे. येथे नियंत्रक निर्दोष असतो. त्याला मिळणारी माहिती चुकीची असते.

चालू जनित्राच्या टोकांवरील वीज प्राणघातक असते. वरील तपासणी जाणकार तंत्रज्ञानेच करावी. विद्यार्थ्यांना ती करू देऊ नये. वर्गात मात्र टाकीचा प्रयोग निर्धोक आहे. त्यानंतर विद्यार्थ्यांना इस्त्रीच्या थर्मोस्टॅटची साखळी कागदावर काढायला सांगावी आणि विचारावे : इस्त्री तापतच नाही, किंवा तापायची थांबत नाही, प्रत्येक वेळी साखळी कोठे तोडून पाहाल, आणि त्यातून काय कळेल?