सामान्य माणसाची कथा : कादंबरीचा उदय आणि विकास

कादंबरी हा गद्यात लिहिलेला दीर्घ कथाप्रकार होय. युरोपात तिच्यापूर्वी महाकाव्ये आणि अद्भुतरम्य वीरकथा लोकप्रिय होत्या. त्यांचे नायक राजे, सरदार किंवा योद्धे असत. स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस याने ‘डॉन क्विक्झोट’ (१६०५ व १६१५) या ग्रंथात, अशा वीरकथा वाचून भ्रमिष्ट झालेल्या एका खेड्यातील गृहस्थाची कहाणी सांगितली. स्वप्न आणि वास्तव यांतील अंतर तिने वाचकांपुढे ठेवले. म्हणून आधुनिक कादंबरीचा आरंभ येथून मानला जातो.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा प्रकार स्थिरावला. डॅनियल डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’चा (१७१९) नायक एक दर्यावर्दी आहे, तर सॅम्युएल रिचर्डसनच्या ‘पामेला’ची (१७४०) नायिका घरकाम करणारी मुलगी आहे. छपाईचा प्रसार, साक्षरतेची वाढ आणि मध्यमवर्गाचा उदय यांमुळे नवा वाचकवर्ग निर्माण झाला होता. त्याला स्वतःसारख्या माणसांच्या कथा हव्या होत्या. पुढे डिकन्सने मासिक भागांतून कादंबऱ्या प्रसिद्ध करून ती वाचकांच्या घरोघरी पोहोचवली. फ्रान्समध्ये फ्लॉबेर आणि रशियात टॉलस्टॉय यांनी मानवी मनाचे व समाजाचे सूक्ष्म चित्रण केले.

फ्लॉबेरची ‘मादाम बोव्हारी’ १८५७ साली पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा विषय होता हिंदू विधवांची दुःस्थिती. या साहित्यप्रकाराचे मराठी नाव मात्र बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या सातव्या शतकातील संस्कृत ग्रंथावरून आले आहे.

हिंदीत कादंबरीस ‘उपन्यास’ म्हणतात. तिला वास्तवाची बळकट बैठक दिली ती प्रेमचंदांनी. त्यांचा जन्म १८८० साली वाराणसीजवळील लमही या गावी झाला. टॉलस्टॉयच्या कथा आणि जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी यांची हिंदी रूपांतरे त्यांनी केली होती. तथापि त्यांची स्वतःची पात्रे भोवतालच्या जीवनातूनच आली. ‘रंगभूमि’ (१९२५) या कादंबरीत वाराणसीलगतच्या पांडेपूर वस्तीतील सूरदास हा अंध भिकारी नायक आहे. त्याच्या वडिलोपार्जित जमिनीवर वस्तीची गुरे चरतात. सिगारेटच्या कारखान्यासाठी ती विकण्यास तो नकार देतो. अखेरीस त्याची जमीन जाते आणि प्राणही जातो. परंतु तो आपला आग्रह सोडत नाही. ‘गोदान’मधील (१९३६) होरी हा कर्जबाजारी शेतकरी दाराशी एक गाय असावी, एवढीच इच्छा आयुष्यभर बाळगतो.

पूर्वीच्या कथांत अशा माणसांना क्वचितच स्थान मिळाले असते, आणि मिळाले तरी सेवकाचे किंवा विदूषकाचे. कादंबरीने त्यांच्या सुखदुःखाला कथेच्या केंद्रस्थानी आणले. म्हणूनच कादंबरी वाचताना घटनाक्रमाबरोबरच, ती कोणाचे जीवन महत्त्वाचे मानते, याकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते.