हात बधिर होतात? आधी सायकलचे हँडल पाहा

आपल्या वस्तीत सायकल ही हौस नाही, पोटापाण्याची गाडी आहे. पहाटे पेपर टाकणारी मुले, वॉचमन, पाळीला जाणारे कामगार, शाळेतल्या मुली अशा सगळ्यांना ती लागते. रोज तासभर चालवली की मान आखडते, खांदे भरून येतात, करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. आपण वयाला दोष देतो आणि मलम चोळतो. पण पुष्कळदा दोष हँडलचा असतो.

हँडल सीटपेक्षा फार खाली असले की अंग पुढे झुकते आणि वजन तळहातांवर येते. करंगळीकडे जाणारी नस मनगटापाशी दाबली जाते. समोर पाहायला मान सतत वर धरावी लागते, म्हणून तीही दुखते. सेकंडहँड घेतलेल्या वाकड्या हँडलच्या रेसिंग सायकलवर हा त्रास जास्त होतो.

आधी सीट ठीक करा. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. सीटचे टोक खाली झुकलेले नको, नाहीतर अंग पुढे घसरते.

मग हँडल. साध्या सायकलच्या हँडलच्या दांड्यावर मधोमध एक बोल्ट असतो. तो दोन-तीन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलके ठोका, म्हणजे आतली पकड सुटते. हँडल अर्धा इंच वर घ्या. दांड्यावर मर्यादेची खूण कोरलेली असते, ती बाहेर दिसता कामा नये. दिसली तर दांडा निसटून अपघात होईल. हँडल चाकाशी सरळ जुळवा आणि बोल्ट घट्ट आवळा.

आता पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल जोराने वळवून पाहा. हलले तर पुन्हा आवळा. दोन्ही ब्रेक तपासा. सळईचा ब्रेक असेल तर तो नव्याने जुळवून घ्यावा लागतो. गियरच्या पुष्कळ सायकलींना असा बोल्ट नसतो, तिथे काम मिस्त्रीकडेच द्या.

चालवताना कोपर थोडे सैल, मनगट सरळ ठेवा आणि हातांची जागा अधूनमधून बदला. आठवडाभर चालवून बघा, गरज वाटली तरच आणखी थोडे वर घ्या.

एवढे करूनही मुंग्या रात्रभर राहत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, तर दवाखाना गाठा. मधुमेहातही मुंग्या येतात, म्हणून साखर तपासून घ्या. ज्या हातांवर घर चालते, त्यांचे दुखणे अंगावर काढू नका.