गुणामागचं वाक्य

लेखमाला : आंतरराष्ट्रीय शाळा समजून घेताना
लेखांक ६

ऑक्टोबरातली पालकसभा संपत आली होती. आठवीतल्या एका मुलीचे आजोबा नातीचं पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक घेऊन माझ्यासमोर बसले. नात शेजारी उभी. प्रगतिपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं हिशेब मांडला होता.

"बाई, गणितात ए सहा, बी चार, सी सात, डी पाच. एकूण बावीस. बत्तीसपैकी बावीस म्हणजे जवळपास एकोणसत्तर टक्के. पण शेजारी ग्रेड लिहिलाय पाच. सातपैकी पाच म्हणजे एकाहत्तर टक्के. मग हिला नक्की पडले किती?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि हिशेबही चोख होता. तरी त्यातला एकही टक्का खरा नव्हता. असं का, हे समजून घेण्यासाठी आजचा लेख. मागच्या आठवड्यात आपण या शाळांमधले अभ्यासक्रम पाहिले : लहान वयाचा पीवायपी, साधारण अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी एमवायपी आणि शेवटच्या दोन वर्षांचा डिप्लोमा. हे तिन्ही जिनिव्हात 1968 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, या संस्थेचे. आज पाहायचंय ते तिथलं मूल्यमापन.

चार निकष, आठ पायऱ्या

आपण शिकलो त्या शाळेत गुण ही मोजणी होती. शंभर गुणांची प्रश्नपत्रिका, बरोबर उत्तराला गुण, चुकलं की वजा. शेवटी जे उरेल त्यावरून टक्के. आपल्या मनात 'किती पडले' हा प्रश्न तिथून आलेला आहे, आणि तो त्या पद्धतीला चपखल बसतो.

एमवायपीत गुण ही मोजणी नसते. तिथे प्रत्येक विषयाचे चार निकष असतात, ए, बी, सी आणि डी. गणितात ए म्हणजे ज्ञान आणि आकलन, बी म्हणजे आकृतिबंध शोधणं, सी म्हणजे गणिताच्या भाषेत नीट मांडणं आणि डी म्हणजे रोजच्या व्यवहारातल्या प्रश्नाला गणित लावणं. विज्ञानाचे चार वेगळे, भाषेचे वेगळे. प्रत्येक निकषाला आठ पायऱ्या असतात आणि दोन-दोन पायऱ्यांच्या गटाला एक वर्णन लिहिलेलं असतं. हा सगळा तक्ता म्हणजे रुब्रिक. शिक्षक मुलाचं काम या वर्णनांशेजारी ठेवून बघतो आणि ते कुठल्या वर्णनाशी सर्वांत जास्त जुळतं ते ठरवतो. याला स्टाफरूममध्ये आम्ही 'बेस्ट फिट' म्हणतो.

चार निकषांची बेरीज बत्तीसपर्यंत जाते आणि तिचं रूपांतर एक ते सात या ग्रेडमध्ये होतं. 15 ते 18 ला चार, 19 ते 23 ला पाच, 24 ते 27 ला सहा, 28 ते 32 ला सात. म्हणजे एकोणीस मिळवणारा आणि तेवीस मिळवणारा दोघेही पाचातच. टक्के काढायला गेलं तर एकाचे एकोणसाठ, दुसऱ्याचे बहात्तर. म्हणूनच आजोबांच्या दोन उत्तरांचा मेळ बसत नव्हता. पायरीचा क्रमांक सांगतो की मूल कुठल्या वर्णनापाशी पोचलं आहे. त्याला भागून-गुणून टक्के काढले की ते वर्णनच हरवतं.

ठिपक्यांची रांगोळी

आजोबांना मात्र अडलं होतं बी पाशी. "चारच का?" ते म्हणाले. "हिनं सांगितलं, उत्तर बरोबर आलं होतं."

उत्तर खरोखरच बरोबर होतं. मी तिची वही काढली. काम असं होतं : ठिपक्यांची त्रिकोणी रांगोळी. पहिल्या ओळीत एक ठिपका, दुसरीत दोन, तिसरीत तीन. चार ओळी झाल्या की दहा ठिपके. मग वीस ओळींच्या रांगोळीत ठिपके किती, आणि कितीही ओळी असल्या तरी लागू पडेल असा नियम सांगता येईल का?

हेच काम चार मुलं चार प्रकारे करतात. एक मूल शिक्षकांच्या मदतीनं ठिपके काढतं, मोजतं, 1, 3, 6, 10 अशी रांग लिहितं आणि पुढे 15 येणार हे ओळखतं. हे पायरी एक-दोनचं काम. दुसरं मूल स्वतःहून सांगतं, की मागच्या संख्येत नव्या ओळीचे ठिपके मिळवत जायचे. तो नियम त्याच्या आकड्यांशी जुळतो. ही तीन-चार. तिसरं मूल थेट नियमापर्यंत जातं : ओळींची संख्या गुणिले तिच्यापुढची संख्या, भागिले दोन. मग सात ओळी घेऊन 28 येतात का, हे पडताळून पाहतं. ही पाच-सहा. चौथं मूल विचारतं, असं का होतं? ते तशीच दुसरी रांगोळी उलटी करून पहिलीला जोडतं. दोन त्रिकोणांचा एक आयत होतो, वीस ओळींचा, प्रत्येक ओळीत एकवीस ठिपके. एकूण 420, त्याचे निम्मे 210. आता हा नियम फक्त तपासलेला राहिला नाही, सिद्ध झाला. ही सात-आठ.

आजोबांच्या नातीनं वीसही ओळी एकापाठोपाठ एक मिळवल्या होत्या. कुठेही न चुकता 210 आणले होते. खाली लिहिलं होतं, 'दर वेळी पुढची ओळ मिळवायची.' मनापासून केलेलं, नीटनेटकं काम. पण तिला शंभर ओळींची रांगोळी दिली असती, तर तिला शंभर बेरजा कराव्या लागल्या असत्या. चौथी पायरी तेवढंच सांगत होती. उत्तराबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

सरासरी नाही, आणि आयत्या वेळी नाही

या पद्धतीत आणखी दोन गोष्टी आपल्या सवयीपेक्षा वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे वर्षाअखेरीची पायरी ही वर्षभराच्या पायऱ्यांची सरासरी नसते. प्रत्येक निकष वर्षात किमान दोनदा तपासायचा असतो. समजा, एका मुलाला एकाच निकषात जूनपासून 3, 4, 6, 6 असं मिळत गेलं. सरासरी पावणेपाच. पण मूल आता सहाव्या पायरीवर स्थिर उभं आहे, हे वहीत दिसतंय. मग त्याला सहा मिळायला हवेत. जूनमध्ये येत नव्हतं याची शिक्षा मार्चमध्ये का भोगायची? शिकणं म्हणजे जूनमध्ये न येणारी गोष्ट मार्चमध्ये येणं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रुब्रिक मुलाच्या हातात काम सुरू होण्याआधी पडलं पाहिजे. हे मी चुकून शिकले. पहिल्या वर्षी मी रुब्रिक काढलं ते वह्या तपासताना. वह्या परत दिल्यावर एका मुलानं अगदी शांतपणे विचारलं, "बाई, 'का ते सिद्ध करा' हे पाहिजे होतं, तर आधी का नाही सांगितलं? मी प्रयत्न केला असता." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकष लपवून ठेवले तर ही सगळी पद्धत जुन्या परीक्षेपेक्षाही अन्यायकारक होते, कारण तिथे निदान पेपर कसा असतो हे तरी मुलांना ठाऊक असतं.

डिप्लोमा : शाळेबाहेरची नजर

शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, चित्र बदलतं. सहा विषय, प्रत्येकाला जास्तीत जास्त सात, म्हणजे बेचाळीस. चार हजार शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे आणि थिअरी ऑफ नॉलेज हा विषय मिळून वरचे तीन. एकूण पंचेचाळीस. डिप्लोमासाठी किमान चोवीस गुण लागतात, पण तेवढ्यानं भागत नाही. कुठल्याही विषयात एक हा ग्रेड चालत नाही. एसे किंवा थिअरी ऑफ नॉलेजमध्ये ई ग्रेड आला तर डिप्लोमा हातचा जातो. कला, खेळ आणि समाजसेवेच्या सीएएस या भागाला गुण नसतात, मात्र तो पूर्ण केल्याशिवाय सुटका नाही.

प्रत्येक विषयाचा एक भाग शाळेतच तपासला जातो. त्याला इंटर्नल असेसमेंट, किंवा मुलांच्या तोंडी नुसतं 'आयए' म्हणतात. विज्ञानात आणि गणितात त्याचा वाटा 20 टक्के. गणिताच्या आयएला वीस गुण असतात. त्यात प्रत्यक्ष गणिताच्या वापराला सहा, आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गुंतवणुकीला तीन.

मग एखाद्या शाळेनं आपल्याच मुलांना उदारपणे गुण दिले तर? त्यासाठी मॉडरेशन आहे. शाळेनं तपासलेल्या कामांचे नमुने आयबीकडे जातात आणि बाहेरचा परीक्षक ते पुन्हा तपासतो. शाळेचे गुण ठरलेल्या फरकाच्या आत असले तर तसेच राहतात. जास्त तफावत निघाली तर त्या विषयातल्या सगळ्या मुलांचे गुण बदलले जातात. लेखी पेपर पडद्यावर तपासणाऱ्या परीक्षकांवरही अशीच नजर असते. त्यांच्याकडे येणाऱ्या उत्तरपत्रिकांमध्ये वरिष्ठांनी आधीच तपासलेल्या काही मिसळलेल्या असतात. त्यांतल्या गुणांत परीक्षक फार चुकला तर त्याचं काम तिथेच थांबवतात.

सात या ग्रेडसाठी किती गुण लागतील, हे आधीपासून दगडावर कोरलेलं नसतं. पेपर कठीण होता की सोपा, हे बघून प्रत्येक परीक्षेनंतर ग्रेडच्या सीमा ठरतात. त्यासाठी वरिष्ठ परीक्षक सीमेवरच्या उत्तरपत्रिका समोर ठेवून, सातचं वर्णन जिच्यात दिसतं ती कोणती, हे शोधतात. इथेही शेवटी वर्णनाचाच आधार घेतला जातो.

हा आधार सुटला की काय होतं, ते 2020 मध्ये दिसलं. कोविडमुळे मे महिन्याची परीक्षा रद्द झाली. आयए, शिक्षकांनी वर्तवलेले ग्रेड आणि शाळेची आधीची आकडेवारी यांवरून निकाल काढला गेला आणि तो जुलैत लागला. अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांनी त्यावर आक्षेप घेतला, आणि ऑगस्टमध्ये आयबीला निकालात फेरबदल करावे लागले. मुलांचं दुखणं मला तेव्हाही पटलं होतं. जो आकडा हातात आला, तो आपल्या कुठल्या कामातून आला, हे त्यांना कुणी दाखवू शकत नव्हतं.

आयजीसीएसई घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये दहावीला केंब्रिजची आयजीसीएसई असते. तिचे ग्रेड ए-स्टारपासून जी पर्यंत. पालकांनी एक गोष्ट वेळेवर विचारावी. गणितासारख्या विषयांत कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन स्तर असतात, आणि कोअर घेतलेल्या मुलाला कितीही चांगला पेपर गेला तरी सी च्या वर ग्रेड मिळत नाही. हा निर्णय परीक्षेच्या बराच आधी होतो. तो का घेतला, हे मुलाला आणि तुम्हाला, दोघांनाही माहीत असायला हवं.

प्रगतिपुस्तक कसं वाचावं

आपल्या पिढीला टक्क्यांची सवय आहे. टक्के शेजाऱ्याला सांगता येतात, पेढे वाटता येतात. 'बी मध्ये चार' असं सांगून कुणी पेढे वाटत नाही. पण त्या चाराला एक वाक्य जोडलेलं आहे आणि त्याच्या पुढे पाच-सहाचं वाक्यही लिहिलेलं आहे. टक्के एवढंच सांगतात की एकतीस कमी पडले. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की काय कमी पडलं आणि ते कसं मिळवायचं, हे कळतं. म्हणून घरी प्रगतिपुस्तक आलं की आकड्यावर थांबू नका. मुलाला त्या पायरीचं वाक्य मोठ्यानं वाचायला सांगा. मग वही उघडून ते वाक्य खरं ठरवणारी जागा दाखवायला सांगा. त्याला ती दाखवता आली नाही तर शिक्षकांकडे या. शिक्षकांनाही दाखवता आली नाही, तर तो ग्रेड पुन्हा तपासायची मागणी करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्या दिवशी आजोबा बराच वेळ रुब्रिककडे बघत बसले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि तक्ता नातीपुढे सरकवला.

"पुढच्या पायरीवर काय लिहिलंय गं?"

तिनं वाचलं, थोडी थांबली, आणि वहीतल्या त्या त्रिकोणाशेजारी पेन्सिलीनं उलटे ठिपके द्यायला लागली.

(पुढच्या आठवड्यात : प्रेडिक्टेड ग्रेड आणि कॉलेजचा प्रवेश)