उंदीर कशावर पाणी सोडतो?

पिंजऱ्याला दोन बाटल्या अडकवायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत दहा टक्के मद्यार्क, आणि चोवीस तासांनी दोन्हींचं वजन करायचं. दारूचा प्राण्यांवरचा अभ्यास बरीच वर्षं याच तराजूवर चालला. फिनलंडमध्ये १९६०च्या दशकात निवडक पैदाशीतून उंदरांची दोन घराणी तयार झाली, एक दारूची चटक असलेलं आणि दुसरं तिला तोंड न लावणारं. गंमत म्हणजे हा उद्योग केला सरकारी मद्यविक्रीची मक्तेदार कंपनी ‘अल्को’च्याच प्रयोगशाळेनं. पिण्याचा कल रक्तातून उतरतो, एवढं त्यातून दिसलं. पण बाटली रिकामी झाली म्हणजे ओढ लागली असं होत नाही. ग्रॅमभर मद्यार्कात सात किलोकॅलरी असतात. उंदीर पोटासाठीही पीत असेल. म्हणून तो किती प्यायला यापेक्षा, पिण्यासाठी त्यानं कशावर पाणी सोडलं, हे विचारणं मला जास्त मोलाचं वाटतं.

ही ओढ कुठून येते याचं उत्तर म्हणून मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची गोष्ट आता सर्वांच्या तोंडी आहे. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी १९५४मध्ये दाखवलं, की मेंदूच्या ठरावीक जागी विजेचा हलका झटका मिळत असेल तर उंदीर त्यासाठी कळ दाबत सुटतो. १९८८मध्ये इटलीतल्या दी कियारा आणि इम्पेराटो यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बारीक नळी ठेवून मोजलं, तेव्हा दारूनं न्यूक्लियस अ‍ॅक्युंबन्स या भागात डोपामिन वाढलेलं आढळलं. मग ‘दारू म्हणजे डोपामिन, डोपामिन म्हणजे आनंद’ हे समीकरण रूढ झालं. ते कच्चं आहे. केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये डोपामिनच्या पेशी नष्ट केलेले उंदीर पाहिले. समोर अन्न असून ते उठून खात नव्हते. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच ओठ चाटत. म्हणजे गोडी शाबूत होती, गेली होती ती उठून मिळवण्याची हाव. दारूच्या बाबतीत तर १९९३मध्ये असंही दिसलं, की अ‍ॅक्युंबन्समधलं डोपामिन घटवूनही उंदरांचं पिणं थांबत नाही. दारू तुटल्यावर पारडं उलटंच फिरतं: १९९५च्या एका प्रयोगात दारूवर अवलंबून केलेल्या उंदरांची दारू बंद केली, तर ओल्ड्सच्या त्याच झटक्याची गोडी लागायला जास्त वीज लागू लागली. दारूच सुखाची किंमत वाढवून ठेवते, आणि त्या महागाईत पुन्हा तीच हवीशी वाटते.

इथे स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातला २०१८चा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. मार्कुस हायलिग यांच्या गटानं साध्या, निवडून न पैदा केलेल्या उंदरांना आधी कळ दाबून दारू मिळवायला शिकवलं. मग दुसरी कळ दिली, ती दाबली की सॅकरिनचं गोड पाणी. एक घेतलं की दुसरं हुकलं. बहुतेक सगळे गोडाकडे वळले. दारू न सोडणारे सुमारे १५ टक्के निघाले, आणि पायाला विजेचा चटका बसू लागला तरी त्यांनी माघार घेतली नाही. सर्वांच्या बाटल्यांची सरासरी काढली असती, तर हे मूठभर उंदीर त्या आकड्यात बुडून गेले असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्यात तथ्य आहे. तणावाशी संबंधित सीआरएफ या रेणूला अडवणाऱ्या औषधांनी दारूवर अवलंबून असलेल्या उंदरांचं पिणं घटलं, पण माणसांवरच्या चाचण्यांत ती औषधं निष्प्रभ ठरली. उलट नाल्ट्रेक्सोन प्राण्यांत चाललं आणि १९९४पासून अमेरिकेत मद्यासक्तीवरचं औषध म्हणून मान्य आहे. तेव्हा दोष उंदराच्या माथी मारण्याआधी त्याला काय विचारलं होतं ते पाहावं. दुसरी कळच नसलेल्या पिंजऱ्यात व्यसन आणि नाइलाज वेगळे काढता येत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. सगळं निवडीवर असेल, तर शेवटी ‘मनावर ताबा हवा’ या जुन्या उपदेशाशीच आपण परत येत नाही का? लिंकोपिंगच्या गटाला दारू न सोडणाऱ्या उंदरांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भागात गॅट-३ या प्रथिनाचं प्रमाण कमी आढळलं. पेशींभोवती साचलेलं गाबा हे शमक रसायन उचलून नेणं हे त्याचं काम. मग गोड पाणी निवडणाऱ्या उंदरांमध्ये मुद्दाम हे प्रथिन घटवलं, आणि तेही दारूकडे वळले. निवड करणारा मेंदूच बदलला होता. उपदेश कोणाला करणार? मद्यासक्त माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या अमिग्डालातही गॅट-३ कमी निघालं. मात्र ही उणीव आधीपासून होती, की वर्षानुवर्षांच्या पिण्यानं आली, हे मृत ऊतीवरून ठरत नाही. उंदरात घटना कोणत्या क्रमानं घडल्या हे प्रयोगकर्त्याच्या हातात होतं, माणसात ते नाही.