पोरीला विमान चालवायचे आहे : चार एकर विकावे काय?



दर अंकात मी बेणे, खोडवा आणि पाचट यांवर लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. पण तो आपल्या शेताच्या बांधावरच निघाला, म्हणून इथे मांडतो.

सेलू तालुक्यातील एका सभासदांच्या खोडव्याची पाहणी करून ओसरीवर बसलो होतो. ते हळूच म्हणाले, "साहेब, पोरगी म्हणते मले विमान चालवाचं हाय. चार एकर इकून टाकू काय?" मी हसलो आणि म्हणालो, "भाऊ, हे आपलं काम नव्हे." चहाचा ट्रे घेऊन आलेली ती बारावीची मुलगी काही न बोलता आत गेली. घरी येईपर्यंत मला चैन पडले नाही. उसाबद्दल विचारले असते तर चौकशी केल्याशिवाय मी उत्तर दिले नसते. मग इथेच का दिले? म्हणून नीट माहिती घेतली.

पहिली गोष्ट ही, की वैमानिक होण्यासाठी सैन्यात जावे लागते हा समज चुकीचा आहे. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी आपल्या देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो नागरी क्लबाकडूनच. आणि मुलीचे काम नव्हे म्हणाल, तर कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली कोलकाता-सिल्चर मार्गावर फॉकर विमान नेले. त्या विमानातील सर्व कर्मचारी महिला होत्या.

विमान आपल्या भागाला नवे नाही. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. आज महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये वर्ध्याला बसले की शेवटचे स्टेशन गोंदिया. तिथून जवळच बिरसी येथे वैमानिक प्रशिक्षणाची मोठी संस्था आहे. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडतात आणि मागासवर्गीयांसाठी राखीव जागाही असतात.

आता नियम पाहू. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान १८ पूर्ण लागते. हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या लेखी परीक्षा असतात, त्यात ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. आणि मुख्य म्हणजे २०० तासांचे उड्डाण. त्यातले १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन करायचे. एक प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून करावा लागतो. रात्रीचे उड्डाणही आलेच.

खर्चाचे काय? साधारण पन्नास लाखांच्या घरात धरा. म्हणजे उड्डाणाच्या दर तासाला पंचवीस हजार पडले. २०२५-२६ च्या हंगामाची केंद्राची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्या हिशेबाने हा १,४०८ टन ऊस झाला. एकरी ३० टन धरले तर ४७ एकरांचा, आणि तोही तोडणी-वाहतूक, खत, पाणी काहीही वजा न करता! शिवाय परवाना मिळाला की लगेच प्रवासी विमान हाती येत नाही. एअरबस किंवा बोइंग यांपैकी त्या-त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि त्याचे आणखी काही लाख.

नोकरीची हमी नाही, हेही स्पष्ट सांगतो. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्टची विमाने मे २०२३ मध्ये थांबली. अनुभवी वैमानिकही घरी बसले. कारखाना बंद पडला की काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग करायचे काय? माझे मत असे :

१. सर्वात आधी वैद्यकीय तपासणी. बेणे तपासल्याशिवाय आपण सरी भरत नाही. मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची तपासणी करून घ्यावी. चष्मा असला म्हणून कुणी बाद होत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर गाडी तिथेच अडू शकते. हे शेत विकल्यावर कळून उपयोग नाही.

२. लेखी परीक्षांचा अभ्यास उड्डाणाआधी सुरू करावा. त्यात मुलाची ओढ किती खरी हे कळते, आणि पैसा फार जात नाही.

३. संस्था स्वतः जाऊन पाहावी. विमाने किती, त्यातली चालू किती, शिकवणारे किती, आणि मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण व्हायला किती महिने लागले, हे तिथल्या मुलांनाच विचारावे. पावसाळ्यात उड्डाणे रखडतात. सगळी फी एकदम भरू नये, पावतीशिवाय तर मुळीच नाही.

४. शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. शेतजमीन चालते की नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

या कागदावरच्या गोष्टी घेऊन मी पुन्हा त्या ओसरीवर गेलो. या वेळी बापाआधी मुलीला हाक मारली आणि आधी तिची माफी मागितली. सगळे ऐकून तिने एकच विचारले, "काका, तपासणीले कधी जाचं?"

तपासणीचा पहिला टप्पा तिने पार केला आहे. सध्या ती हवामानशास्त्राचे पुस्तक वाचते आणि फुरसतगंजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. पुढे काय होईल ते आज सांगता येणार नाही. चार एकर अजून तिच्या वडिलांच्या नावावर आहेत आणि खोडवा चांगला फुटला आहे.

आपल्याही घरात असे मूल असेल, तर गट कार्यालयात येऊन भेटावे. आधी चौकशी करू, मग उत्तर देऊ. माझ्यासारखे आधी हसू नये.

— ऊस विकास अधिकारी