कौल, दस्तक आणि सूचनापत्र : युद्धग्रस्त देशातील प्रवेशाची भाषा

२०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट आहे. युक्रेनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीचे वडील रत्नागिरीतील माझ्या घरी आले. कीव्ह येथील भारतीय वकिलातीने काढलेले इंग्रजी सूचनापत्र त्यांच्या भ्रमणध्वनीवर होते. ते माझ्यापुढे धरून त्यांनी विचारले, "सर, ह्यात परत या असं म्हटलंय, की राहिलात तरी चालेल असं म्हटलंय?" इंग्रजी त्यांना येत नव्हते असे नाही. बँकेत तीस वर्षे नोकरी केलेला तो गृहस्थ. त्यांची अडचण शब्दार्थाची नव्हती, क्रियापदाच्या अर्थाची होती. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही; प्रस्तुत लेख हा त्याच्या निमित्ताने झालेल्या विचाराचा परिपाक आहे.

युद्ध चालू असलेल्या मुलखात परक्या माणसाला पाऊल टाकावयाचे असेल तर त्याला दोन भिन्न गोष्टी लागतात. एक अनुज्ञा, म्हणजे आत येऊ देण्याची परवानगी. आणि दुसरी अभय, म्हणजे आत आल्यावर त्याच्या जीवितास व मालमत्तेस धक्का लागणार नाही ही हमी. आजच्या कागदपत्रांत ह्या दोहोंची पूर्ण ताटातूट झालेली आहे. ती नेहमीच तशी नव्हती, हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपला कोकण किनारा सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी युद्धमान प्रदेशच होता, आणि त्यातून ये-जा करणाऱ्या परकीय तारवांना कागद बाळगल्यावाचून गत्यंतर नव्हते.

पोर्तुगीजांनी चालू केलेल्या कागदाचे नाव 'कार्ताझ'. हा शब्द अरबी 'किर्तास' म्हणजे कागद ह्यावरून आला, आणि 'किर्तास' मूळ ग्रीकातून. जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, शस्त्रास्त्रे, जाण्याचे ठिकाण इत्यादी तपशील कार्ताझमध्ये नोंदलेले असत. अमुक माल न्यावयाचा नाही, शत्रुपक्षाची माणसे न्यावयाची नाहीत, अमुक बंदरात जकात भरावयाची, अशा अटी असत. कागद नसलेले जहाज पकडले जाई. परंतु कागद असला म्हणजे जहाज सुरक्षित, असेही नव्हते. १६१३ साली पोर्तुगीजांनी जहांगीर बादशहाच्या मातोश्रींचे 'रहीमी' हे जहाज कार्ताझ असतानाही धरले, आणि त्यावरून मोगल व पोर्तुगीज ह्यांच्यात वैर पेटले. (आधुनिक पोर्तुगीज भाषेत 'कार्ताझ' म्हणजे भिंतीवर लावावयाचे जाहिरातपत्र. शब्दांनाही उतारवय येते.)

मराठी कारभारात ह्यासाठी प्रामुख्याने दोन शब्द आढळतात. 'दस्तक' हा फारसी 'दस्त' म्हणजे हात ह्यापासून बनलेला. कान्होजी आंग्रे ह्यांनी आपल्या समुद्रपट्ट्यातून जाणाऱ्या तारवांस दस्तक घेणे भाग पाडले, आणि मुंबईच्या इंग्रजांशी त्यांचा जो दीर्घ झगडा झाला त्याच्या मुळाशी, आमच्या जहाजांना दस्तक देणारे तुम्ही कोण, हाच प्रश्न होता. आंग्र्यांना चाचे ठरविणाऱ्या इंग्रजांनी मुंबईहून स्वतःचे परवाने देण्यास मात्र कधी संकोच केला नाही. १७५५ साली सुवर्णदुर्ग आणि १७५६ साली विजयदुर्ग पडल्यावर तो प्रश्न तोफांनी निकालात निघाला.

दुसरा शब्द 'कौल'. आणि भाषिक दृष्ट्या अधिक बोधप्रद हाच आहे. अरबी 'कौल' म्हणजे वचन, उच्चारलेला शब्द. कौल देणे म्हणजे नुसते 'ये' म्हणणे नव्हे. 'ये, तुला अपाय होणार नाही असा माझा शब्द आहे' असे म्हणणे. त्यात अनुज्ञा आणि अभय दोन्ही सामावलेली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमारासंबंधी जी शिकवण आहे तीत कौल नसलेल्या परमुलखी तारवांवर एकाएकी हात टाकू नये, त्यांना धीर देऊन कौलावर आणावे, असा आशय आहे. त्याच ग्रंथात टोपीकरांविषयी कमालीची सावधगिरी आहे : त्यांना व्यापारापुरते येऊ द्यावे, पण समुद्रकिनारी ठाणे करण्यास जागा देऊ नये. म्हणजे परक्याला अभय देणे आणि परक्यापासून सावध राहणे ह्या दोन गोष्टी एकाच कारभाऱ्याला परस्परविरोधी वाटत नव्हत्या. कोकणात आजही देवाला कौल लावतात. देवाने दिलेला होकार आणि राजाने दिलेले अभय ह्यांना एकच शब्द असावा, ही मला केवळ योगायोगाची बाब वाटत नाही. दोन्ही ठिकाणी बोलणाराच जामीन असतो.

आता आजच्या कागदांकडे वळू. 'व्हिसा' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'पाहिलेले' एवढाच. कागद पाहिला, हरकत नाही, इतकेच तो सांगतो. तुमच्या सुखरूपतेविषयी तो एक अक्षरही बोलत नाही. विम्याच्या करारात अभयाचा आभास असतो. परंतु प्रवासविम्याच्या बहुसंख्य करारांत युद्धजन्य हानी वगळलेली असते, आणि ते युद्ध 'जाहीर झालेले असो वा नसो' असे शब्द घालून पळवाटही बुजविलेली असते. म्हणून ज्यात युद्धाची जोखीम स्पष्ट शब्दांत स्वीकारलेली आहे असाच विमा घ्यावा, आणि स्वीकाराचे ते वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. कधीकधी तर दार बाहेरून नव्हे, आपल्याच बाजूने लागते. भारत सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने येमेनच्या प्रवासास भारतीय पारपत्र ग्राह्य धरले जाणार नाही असे ठरविले. विशिष्ट व अत्यावश्यक कारणापुरती सूट तेवढी मागता येते. तेव्हा परदेशाचा व्हिसा मिळाला म्हणजे झाले, असे समजू नये.

उरले सूचनापत्र. कीव्ह येथील वकिलातीची २०२२ मधील सूचनापत्रे क्रमाने लावून पाहिली तर त्यांतील क्रियापदे पायरीपायरीने कठोर होत गेलेली दिसतात. १५ फेब्रुवारीच्या पत्रात, ज्यांचे वास्तव्य आवश्यक नाही अशांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा 'विचार करण्यास हरकत नाही' अशा धर्तीची भाषा आहे. २० तारखेस 'सल्ला देण्यात येत आहे' असे झाले. २२ तारखेस विद्यापीठाच्या उत्तराची वाट न पाहता निघण्याचा सल्ला आला. २४ तारखेस आक्रमण होऊन नागरी विमानवाहतूक बंद पडली. २ मार्च रोजी खारकीव्हमधील भारतीयांना मिळाला तो सल्ला नव्हता, आज्ञा होती : सायंकाळी सहाच्या आत शहर सोडलेच पाहिजे, वाहन न मिळाल्यास पायी. 'हरकत नाही' पासून 'पाहिजे' पर्यंतचे अंतर भाषेने सोळा दिवसांत कापले. माझ्याकडे आलेले गृहस्थ पहिल्या पायरीवर उभे होते.

अशा मजकुराचे मराठीकरण करताना एक विशेष धोका संभवतो. मराठीतील विध्यर्थ, म्हणजे 'करावा', 'जावे', 'सोडावा' ही रूपे, आज्ञा, उपदेश, योग्यता, इच्छा असे अनेक अर्थ एकाच प्रत्ययाने व्यक्त करतात. 'अर्जदाराने दोन छायाचित्रे जोडावीत' ह्यातील 'जोडावीत' म्हणजे जोडलीच पाहिजेत. 'सकाळी फिरावयास जावे' ह्यातील 'जावे' म्हणजे गेल्यास बरे. मग 'विद्यार्थ्यांनी देश सोडावा' हे कोणत्या अर्थाने घ्यावयाचे? इंग्रजीतील तीन स्वतंत्र पायऱ्या मराठीत एकाच रूपात लुप्त होतात. माझ्या मते अनुवादकाने येथे विध्यर्थाचा मोह टाळून 'सोडण्याचा विचार करता येईल', 'सोडणे हिताचे आहे', 'सोडलाच पाहिजे' अशी निरनिराळी रूपे कटाक्षाने वापरावयास हवीत. वाचकानेही एक ध्यानात ठेवावे : राजनैतिक शिष्टाचारामुळे वकिलातीला यजमान देशाची नाचक्की होईल असे बोलता येत नाही. म्हणून तिच्या तोंडचा सौम्य सल्ला एक पायरी वर चढवूनच वाचणे शहाणपणाचे.

स्थलनामांचा घोटाळा ह्याहून लहान, परंतु पायी निघालेल्याला जीवघेणा. २ मार्चला ज्या तीन गावांकडे जाण्यास सांगितले त्यांच्या नावांची रशियन व युक्रेनियन अशी दोन्ही रूपे त्या दिवशी फिरत होती : पेसोचिन आणि पिसोचिन, बेझ्ल्युदोव्का आणि बेझ्ल्युदिव्का. त्यातून रस्त्यावरील पाट्या सिरिलिक लिपीत. अशा देशात जाणाऱ्याने आपल्या मार्गावरील दहा-बारा नावे स्थानिक लिपीत कागदावर लिहून जवळ ठेवावीत; दूरध्वनीची विद्युत् संपली तरी कागद वाचता येतो. स्वतःच्या नावाचीही तीच कथा. आपली नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही त्रयी परदेशी रकान्यांत नीट बसत नाही, आणि एकाच आडनावाची रोमन वर्णरचना गुणपत्रकात एक व पारपत्रात दुसरी असते. तपासणीनाक्यावरील शिपायास ही भाषाशास्त्रीय मीमांसा ऐकण्यास सवड नसते. सर्व कागद पारपत्राबरहुकूम करून घ्यावेत.

आपल्या विभागातील क्षेत्रकार्य करणाऱ्यांना वेगळे सांगितले पाहिजे. ध्वनिमुद्रक, नकाशे, अनोळखी खुणांनी भरलेल्या वह्या ही आपली साधने. लष्करी कायदा असलेल्या प्रदेशात हेरगिरीची सामग्री हीच असते. आपली ध्वनिलिपी सांकेतिक लिपी म्हणून सहज खपेल. यजमान संस्थेचे स्थानिक भाषेतील पत्र हाताशी असल्याखेरीज ती बरोबर नेऊ नयेत, पूल, स्थानके व सैनिक ह्यांची छायाचित्रे घेऊ नयेत, संचारबंदीची वेळ पोहोचल्याबरोबर विचारून घ्यावी. वकिलातीत नावनोंदणी अवश्य करावी. आणि बाहेर पडण्याचा मार्ग आत जाण्यापूर्वी ठरवावा : विमानतळ बंद झाल्यास शेजारच्या देशातून निघावे लागते आणि त्याचा व्हिसा निराळा असतो. २०२२ मध्ये पोलंडने भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाविना सीमा ओलांडू दिली. पण ती त्या वेळची सवलत होती, हक्क नव्हे.

अभयाचा अंश आजच्या कागदांत मला एकाच ठिकाणी आढळला, आणि तो रत्नागिरीच्या घराघरांशी संबंधित आहे. येथील कित्येक कुटुंबांतील पुरुष व्यापारी जहाजांवर काम करतात. २००६ च्या सागरी कामगार संकेतात, ज्याला भारताने २०१५ साली मान्यता दिली, अशी तरतूद सुचविलेली आहे की जहाज युद्धक्षेत्राकडे निघाले असून खलाशाची तिकडे जाण्यास संमती नसेल, तर त्याला मायदेशी परत पाठविले जाण्याचा हक्क असावा. युद्धक्षेत्र कोणते हे देशाच्या कायद्याने किंवा नोकरीच्या कराराने ठरते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा ह्या कलमाचे महत्त्व अनेकांस कळले. करारावर सही करण्यापूर्वी त्यातील युद्धक्षेत्राची व्याख्या वाचावी आणि नकाराचा हक्क 'राहील' असे लिहिले आहे की 'विचारात घेतला जाईल' असे, तेवढे क्रियापद तपासून घ्यावे.